प्रिसिजन घेऊ की जॅझ? दोन बेस गिटारी शेजारी ठेवून पारखण्याची रीत

दुकानाच्या भिंतीवर दोन बेस टांगलेले असतात. दोन्ही चार तारांचे, एकाच फेंडर घराण्यातले, लांबून पाहिले तर सख्खे भाऊ वाटावेत असे. किमतीतही फारसं अंतर नसतं. काउंटरवरचा मुलगा सांगतो, "प्रिसिजन रॉकसाठी, जॅझ जॅझसाठी." एवढ्या माहितीवर खिशात हात घालू नका. जॅझ बेसवर आयुष्यभर रॉक वाजवलेली माणसं ढिगानं सापडतील.

मी माझा पहिला चांगला बेस पंधरा मिनिटांत घेतला होता. दोन्ही वाजवून पाहिले. जॅझ एकदम चमकदार बोलला, प्रिसिजन घोंगडीखालून बोलल्यासारखा वाटला, म्हणून जॅझ उचलून घरी आलो. पुढे त्याच दुकानात तारा घ्यायला गेलो तेव्हा बोलता बोलता कळलं, की त्या प्रिसिजनवर कित्येक महिने कुणी तारा बदलल्या नव्हत्या आणि जॅझवर आदल्याच आठवड्यात नव्या चढवल्या होत्या. म्हणजे मी गिटारींची तुलना केलीच नव्हती. जुन्या आणि नव्या तारांची केली होती. तो जॅझ पुढे मला आवडायला लागला, हा माझ्या नशिबाचा भाग.

खालच्या पायऱ्या प्रिसिजन आणि जॅझ या जोडीसाठी लिहिल्या आहेत, कारण नवख्याला हाच प्रश्न सगळ्यांत आधी पडतो. फेंडरच्याच स्वस्त भावंडातल्या, म्हणजे स्क्वायरमधल्या जोडीलाही त्या जशाच्या तशा लागू पडतात.

हे दोघे मुळात कोण

लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमधून प्रिसिजन बेस १९५१ साली बाजारात आणला. तोवर खर्ज वाजवायचा म्हणजे माणसाहून उंच डबल बेस उभा धरायचा, आणि त्याला पडदे नसल्यामुळे सूर बोटाच्या अंदाजावर काढायचा. सतारीसारखे पडदे, म्हणजे फ्रेट, बसवल्यावर बोट जरासं इकडेतिकडे पडलं तरी सूर नेमका लागतो. 'प्रिसिजन' हे नाव त्या नेमकेपणावरून आलं. आज आपण ज्याला 'पी बेस' म्हणतो त्याचा दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप, म्हणजे तारेचं कंपन पकडणारी चुंबक आणि गुंडाळीची जोडी, १९५७ साली आला. जॅझ बेस १९६० सालचा: निमुळता नेक (पडदे बसवलेली लांब मान), तिरकी कंबर आणि एकाऐवजी दोन पिकअप.

सारखं काय आहे ते आधी पाहू. दोघांची स्केल, म्हणजे नटपासून (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतची (अंगावरची घोडी) तारेची बोलती लांबी, ३४ इंच. दोघांच्या तारा ई, ए, डी, जी. मोकळी ई तार ४१ हर्ट्झवर, मोकळी जी ९८ हर्ट्झवर. ब्रिजपाशी तारांमधलं अंतरही जवळपास तेच, साधारण १९ मिलिमीटर. स्केल आणि सूर सारखे असल्यामुळे सारख्याच तारा चढवल्या तर ताणही सारखाच राहतो. "प्रिसिजनच्या तारा कडक असतात" असं कुणी म्हणालं तर तो नेकच्या जाडीबद्दल किंवा सेटअपबद्दल (नेकचा बाक, तारांची उंची वगैरे जुळवणी) बोलतोय असं समजा.

आता दोन माणसं आठवा. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत वाजवणाऱ्या जेम्स जेमर्सनकडे १९६२चा प्रिसिजन होता. त्यावर जाड फ्लॅटवाउंड, म्हणजे चपटी पट्टी गुंडाळलेल्या तारा, ज्या तो तुटल्याशिवाय बदलत नसे, आणि उजव्या हाताची एकटी तर्जनी. दुसरा बेसवादक जाको पास्टोरियस, त्याच्याकडे १९६२चाच जॅझ होता. पण पडदे उपटून काढलेला, लाकडावर इपॉक्सीचा थर दिलेला, आणि आवाज बहुतेक ब्रिजकडच्या पिकअपचा. एकाच कंपनीची एकाच सालातली दोन वाद्यं. जेमर्सनचा बेस डग्ग्यासारखा घुमतो, जाकोचा गातो. या फरकात प्रिसिजन-जॅझचा वाटा किती आणि बोटांचा, तारांचा किती? माझ्या हिशेबात पहिला नंबर हाताचा, मग तारा, मग सेटअप, मग पिकअपची जागा. लाकडाचा नंबर बराच खाली. लाकडावरून रात्र-रात्र वाद घालणारे मित्र मलाही आहेत. पहिली गिटार घेणाऱ्यानं त्या मैफलीत बसू नये.

पायरी १: घरून निघण्याआधी

काय वाजवून पाहायचं ते घरीच ठरवा आणि कागदावर लिहा. दुकानात गेल्यावर प्रत्येक जण जे हाताला येतं तेच वाजवतो, आणि दुसऱ्या गिटारवर दुसरंच वाजवतो. तीन गोष्टी पुरेत. पहिली, ई तारेवर संथ, लांब सूर, एकेक पूर्ण मरेपर्यंत. दुसरी, षड्ज-पंचम-वरचा षड्ज अशी साधी चाल, मध्यम लयीत, चारही तारांवरून फिरणारी. तिसरी, तुम्हाला खरोखर वाजवायचं असलेलं एखादं गाणं, भले अर्धंच येत असेल.

सोबत घ्या: खुंट्यांच्या डोक्याला लागणारा क्लिप ट्यूनर, स्वतःचे हेडफोन, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली लहान स्टीलची पट्टी, एक व्हिजिटिंग कार्ड आणि स्वतःचा गळपट्टा, म्हणजे गिटार गळ्यात अडकवायचा पट्टा. जमलं तर कान असलेला एक मित्र. तो बेस वाजवणारा नसला तरी चालेल. नसला तर उत्तमच.

जाण्याआधी फोन करून सांगा, की दोन्ही वाद्यांवर एकाच जाडीच्या, साधारण एकाच वयाच्या तारा हव्यात. चांगला दुकानदार हे ऐकून खूश होतो, कारण असं विचारणारा गिऱ्हाईक सहसा घेऊन जातो. मुंबईत धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांत शनिवारी संध्याकाळी गेलात तर तीन जण शेजारी ड्रम बडवत असतील. मधल्या वारी सकाळी जा.

पायरी २: दोघांना एका पातळीवर आणा

इथे वेळ गेला तर जाऊ द्या. बाकी सगळं यावर उभं आहे.

तारा. बेसच्या तारा मुख्यतः दोन जातींच्या. राउंडवाउंड म्हणजे गाभ्यावर गोल तार गुंडाळलेली. बोट फिरवलं की खरखरीत लागते, आवाजात धार असते. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते. हाताला गुळगुळीत, आवाज गोल आणि आखूड. तानपुऱ्याची जवारी उघडी आणि बंद असण्यात जो फरक, तशातलाच हा. एका गिटारवर राउंड आणि दुसरीवर फ्लॅट असतील तर तुलना तिथेच थांबवा. दोन्हींवर राउंड असतील तर जाडी विचारा. ४५ ते १०५ हा नेहमीचा संच, म्हणजे जी तार ०.०४५ इंच आणि ई तार ०.१०५ इंच. तारांचं वय ओळखायला चिमटीत धरून बोटं फिरवा. काळपट, चिकट लागल्या तर जुन्या. नव्या राउंडवाउंड तारा पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारख्या झणझणतात. रोज वाजवलं तर काही आठवड्यांत ते उतरतं, आणि मुंबई-कोकणातल्या दमट हवेत व घामात त्याहून लवकर.

तारांची वयं वेगळी असतील आणि दुकानदार बदलून देत नसेल तर? दोन नवे संच विकत घ्या आणि चढवून द्यायला सांगा. न घेतलेल्या गिटारवरचा संच वाया गेला असं वाटेल. चुकीची गिटार घरी आणण्याच्या मानानं तो खर्च किरकोळ आहे.

नेकचा बाक. तारांचा ताण सहन करत नेक किंचित पुढे वाकलेला असावा. पहिल्या पडद्यावर एका बोटानं ई तार दाबा आणि नेक जिथे अंगाला मिळतो तिथल्या शेवटच्या पडद्यावर दुसऱ्या हातानं दाबा. आता तार हीच तुमची सरळ पट्टी झाली. मित्राला आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांच्या मधल्या फटीत व्हिजिटिंग कार्ड सरकवायला सांगा. कार्ड जेमतेम जाईल इतकी फट, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर, ठीक. तार पडद्याला टेकलेली असेल तर वाजवताना खडखड होईल. फट मोठी असेल तर मधल्या पडद्यांवर बोटं दमतील. दोन्ही दोष ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली लोखंडी सळई, फिरवून निघतात. ती तुम्ही फिरवू नका, दुकानातल्या कारागिराला सांगा. रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल तर मात्र ती गिटार यादीतून काढा.

तारांची उंची, म्हणजे ॲक्शन. सतराव्या पडद्यावर पट्टी उभी धरून पडद्याच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. ई तारेला साधारण २.४ आणि जी तारेला २ मिलिमीटर हे फेंडरच्या कारखान्यातल्या मापाच्या जवळचं. तुमच्या हाताला याहून खाली-वर आवडेल तो पुढचा प्रश्न; आज दोन्हींवर आकडा सारखा हवा. एकावर २ आणि दुसऱ्यावर ३.५ असेल तर तुम्ही दुसऱ्याला "जड वाजतो" म्हणाल, आणि ते त्या वाद्याबद्दल नसेलच.

पिकअपची उंची. शेवटच्या पडद्यावर तार दाबून पिकअपच्या माथ्यापासून तारेपर्यंत सुमारे ३ मिलिमीटर मोकळे हवेत. पिकअप वर आला की आवाज मोठा आणि आक्रमक होतो. फारच वर आला तर लोहचुंबक तारेलाच ओढून धरतं, आस, म्हणजे सुराचं लांब टिकणं, तुटते आणि सूर डगमगतो.

एवढं झाल्यावर दोन्ही गिटारी ट्यून करा. पुन्हा ट्यून करा. नव्या तारा उतरतात.

पायरी ३: वायर न लावता

ॲम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, हात लावू नका. शांत कोपऱ्यात बसून दोन्ही कोरड्याच वाजवा. कान गिटारच्या वरच्या शिंगावर टेकवला तर लाकडातून पुष्कळ ऐकू येतं, लोक बघतील ते बघू द्या.

मुख्य फरक डाव्या हाताला लागतो. जॅझचा नट सुमारे ३८ मिलिमीटर रुंद. आजच्या बहुतेक प्रिसिजनचा ४१ ते ४२, आणि साठच्या दशकातल्या धाटणीवर बनवलेल्यांचा ४४ पर्यंत. कागदावर हा फरक तीन-चार मिलिमीटरचा, मुठीत मात्र झाडू आणि बॅट यांच्यातला वाटतो. पण तो असतो पहिल्या पाच-सहा पडद्यांवर. पुढे ब्रिजकडे दोघांच्या तारा सारख्याच पसरत जात असल्यामुळे बाराव्या पडद्याच्या पुढे डोळे मिटून कोणता हातात आहे हे सांगणं अवघड जातं. म्हणून नेकची परीक्षा खालीच करा. पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंत एका बोटाला एक पडदा देऊन पाच मिनिटं वाजवा. पहिला पडदा नटपासून साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटरवर असतो. गिटारवरून आलेल्यांची करंगळी इथे ओरडते, आणि ती दोन्ही बेसवर सारखीच ओरडणार.

लहान हातांनी जॅझच घ्यावा, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. जॅझच्या अरुंद नेकवर तारा जवळ येतात आणि जाड बोटं शेजारच्या तारेला लागतात. याउलट लहान हाताच्या कित्येकांना रुंद पण चपटा नेक सोयीचा जातो. नेकची जाडी आणि पाठीचा आकार रुंदीइतकाच महत्त्वाचा, आणि तो प्रत्येक मॉडेलला वेगळा. हात लावूनच कळतं.

मग उभे राहा. गळपट्टा घाला, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. असे बेस साधारण पावणेचार ते साडेचार किलोंचे असतात आणि एकाच मॉडेलच्या दोन नगांत अर्धा किलोचा फरक सहज निघतो. डावा हात सोडून द्या. नेक आपोआप जमिनीकडे झुकला तर वाजवताना डावा हात तो पेलत राहणार आणि तेवढा सुराला कमी पडणार. गणपतीतला कार्यक्रम किंवा लग्नाचं रिसेप्शन तीन-चार तास चालतं. दुकानातली पंधरा मिनिटं जड गेली तर तिथे खांदा जाईल. बसूनही पाहा. जॅझची कंबर तिरकी असल्यामुळे मांडीवर तो प्रिसिजनपेक्षा वेगळ्या जागी स्थिरावतो. बहुतेकांना त्याची सवय लागते, काहींना लागत नाही.

उजव्या हाताचा अंगठा कुठे टेकतो तेही पाहा. प्रिसिजनवर एकच पिकअप, म्हणजे एकच ओटा. जॅझवर दोन: नेककडच्या पिकअपवर अंगठा टेकवला तर आवाज घुमारेदार, ब्रिजकडच्यावर टेकवला तर तारा टणक आणि आवाज नेमका.

शेवटी प्रत्येक तारेचा प्रत्येक पडदा वाजवा आणि आस मोजा. फेंडर धाटणीच्या बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एखादा सूर बाकीच्यांपेक्षा लवकर विझतो. त्या कंपनाला नेक स्वतःच थरथरतो आणि तारेची शक्ती पिऊन टाकतो. याला 'डेड स्पॉट' म्हणतात. थोडाफार सगळ्यांत असतो, घाबरू नका. पण शेजारचे सूर सहा सेकंद टिकतात आणि हा दीड सेकंदात मरतो, असं असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा नग मागा.

पायरी ४: ॲम्प, आणि कानाला फसवणारा आवाज

दोन्ही गिटारी एकाच ॲम्पला, त्याच चॅनेलला, त्याच केबलनं. बेस, मिडल, ट्रेबल मध्यावर. जास्तीची बटणं, म्हणजे ब्राइट, डीप, कॉम्प्रेशन, रिव्हर्ब, सगळी बंद. गिटारवरचे व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे.

मग एक गोष्ट कराच: दोघांचा आवाज सारखा करा. प्रिसिजनच्या पिकअपचे दोन तुकडे एकामागे एक जोडलेले असतात आणि तो सहसा जॅझपेक्षा मोठा बोलतो. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, आणि बेसच्या बाबतीत तर जास्तच. आपला कान हळू आवाजात खालचे सूर फार कमी ऐकतो आणि आवाज वाढला की खर्ज भरून येतो. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं होतं. म्हणजे जो बेस जरा मोठा तो 'जाड' वाटणार, त्याच्यात काही विशेष असो वा नसो. मित्राला डोळे मिटायला सांगा, आलटून-पालटून तोच सूर वाजवा आणि त्याला फरक सांगता येईनासा होईपर्यंत ॲम्पचा व्हॉल्यूम जुळवा. फोनवरचं आवाज मोजण्याचं ॲप फक्त दोघांमधलं अंतर पाहायला चालेल. ॲम्पच्या दोन खुणा कागदावर लिहून ठेवा आणि गिटार बदलली की खूण बदला.

सरावाच्या छोट्या ॲम्पमधला ८ इंची स्पीकर ४१ हर्ट्झचा सूर नीट काढूच शकत नाही. आपण ऐकतो ते बहुतेक त्याचे वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे बारीक चढे सूर, आणि मूळ सूर मेंदू स्वतःच भरून काढतो. दुकानात मोठा ॲम्प असेल तर मागा. नसेल तर हेडफोन लावून पाहा.

पायरी ५: एक पिकअप आणि दोन पिकअप

तार ब्रिजजवळ कमी हलते आणि तिथे वरचे स्वरांश जास्त मिळतात. नेककडे सरकू तसा मूळ सूर भरघोस होतो. पिकअप म्हणजे तारेच्या एका ठरावीक जागी लावलेला कान. प्रिसिजन आणि जॅझ यांच्यातला खरा फरक, हे कान कुठे आणि किती आहेत, हाच.

प्रिसिजन लवकर समजतो: एक व्हॉल्यूम, एक टोन. टोन पूर्ण उघडा ठेवून वाजवा, मग अर्धा, मग बंद. बंद केल्यावर मोटाउनच्या अंगणात पोचाल, निदान फाटकापर्यंत. सगळ्या जागी त्याचं बोलणं एकाच माणसाचं वाटतं: मधल्या पट्टीत भरीव, जरासा खरखरीत, ठाम. नवख्याला हा एकसुरीपणा वाटतो. माझ्या मते तोच त्याचा गुण आहे, त्याच्यावर चुकीचा आवाज लावायला जागाच नाही.

जॅझवर तीन बटणं: नेक पिकअपचा व्हॉल्यूम, ब्रिज पिकअपचा व्हॉल्यूम, आणि दोघांचा मिळून टोन. घाईत फिरवू नका. आधी फक्त नेक पिकअप: प्रिसिजनच्या जवळ जाणारा, पण जरा मोकळा आणि हलका आवाज. मग फक्त ब्रिज पिकअप: बारीक, नाकातून बोलणारा, एकटा ऐकलात तर "यात बेस कुठे आहे?" असं वाटेल. टोन अर्धा करा, अंगठा त्याच पिकअपवर ठेवून बोटं हलकी चालवा. आता तो माणसासारखा बोलेल. मग दोन्ही पूर्ण: दोन जागांहून ऐकलेले काही मधले सूर एकमेकांना खाऊन टाकतात, त्यामुळे खाली घुमार, वर चमक आणि मध्ये पोकळी. स्लॅपला, म्हणजे अंगठ्यानं ठोकून वाजवायच्या शैलीला हा आवाज छान बसतो; बेसवादक मार्कस मिलरनं १९७७च्या जॅझवर तो घराघरांत पोचवला. शेवटी दोन्ही पूर्ण ठेवून एकच जरासा, नखभर, कमी करा. पोकळी लगेच भरते. ही शेवटची जागा बरेच जण शोधतच नाहीत आणि मग जॅझला 'पातळ' म्हणून मोकळे होतात.

जॅझचा एकच पिकअप चालू केला की गुणगुण ऐकू येईल. एकेरी गुंडाळीचे पिकअप विजेचा आवाज पकडतात. दोन्ही पूर्ण केले की ती जवळपास नाहीशी होते, कारण दोघांचे फेरे आणि चुंबकाची टोकं उलटी असतात. प्रिसिजनच्या दोन तुकड्यांत हीच युक्ती आतच केलेली आहे, म्हणून तो गप्प. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे ही गुणगुण जवळजवळ त्या जी सुरावरच बसलेली असते. जी पट्टीतलं संथ गाणं जॅझच्या ब्रिज पिकअपवर, ट्यूबलाइटखाली वाजवून पाहा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. दुकानात गुणगुण आली म्हणून गिटार बिघडलेली नसते. तारांना हात लावल्यावर ती कमी होते का ते पाहा. उलट वाढली तर मात्र आतल्या अर्थिंगची जोडणी तपासून घ्या.

पायरी ६: त्याच जागी, तेवढ्याच जोरात

फार थोडक्यात. उजवा हात दोन इंच सरकवला की आवाज पिकअप बदलल्याइतका बदलतो. प्रिसिजन पिकअपच्या वर वाजवला आणि जॅझ ब्रिजपाशी, तर तुम्ही स्वतःच्या हाताची तुलना करत आहात. आधी दोन्हींवर ब्रिजपासून सारख्याच अंतरावर वाजवा. मग प्रत्येकाला त्याच्या आवडत्या जागी वाजवा. पहिल्या वेळेला वाद्य कळतं, दुसऱ्या वेळेला तुमचं आणि त्याचं जमतं का ते कळतं.

पायरी ७: एकट्याला ऐकून ठरवू नका

बेस कधीच एकटा नसतो. एकटा ऐकताना जो गोड, रुंद आणि चमकदार वाटतो, तो गाण्यात अनेकदा गायब होतो. जॅझचा दोन-पिकअपवाला पोकळ आवाज खोलीत राजेशाही वाटतो. पण गिटार, कीबोर्ड आणि झांजा सुरू झाल्या की बेसला ऐकू येण्यासाठी जी मधली पट्टी लागते नेमकी तिथेच त्याच्याकडे काही नसतं. प्रिसिजन एकटा ठोकळ वाटतो आणि गाण्यात भिंतीसारखा उभा राहतो. मला हे पहिल्या तालमीत कळलं. मी जोरजोरात वाजवत होतो आणि गायिका विचारत होती, "दादा, आज बेस नाहीये का?" त्या दिवशी ब्रिजचा व्हॉल्यूम नखभर कमी केला असता तर भागलं असतं.

आपल्या मराठी ऑर्केस्ट्रात अजून एक गंमत आहे. लावणी किंवा कोळीगीत असेल तर खालच्या पट्टीत ढोलकीची डावी बाजू आधीच बसलेली असते, कीबोर्डवाल्याचा डावा हातही तिथेच. एवढ्या गर्दीत लांब घुमणारा बेस चिखल करतो. तिथे आखूड, ठाम सूर लागतो: प्रिसिजन, किंवा जॅझचा नेक पिकअप, ब्रिजजवळ तारांखाली स्पंजाची पट्टी खुपसून. भावगीतात मात्र जॅझच्या ब्रिज पिकअपचा गाता आवाज गायकाच्या पाठीमागून फार छान चालतो.

म्हणून फोनवर दोन गाण्यांचे बेस नसलेले ट्रॅक घेऊन जा: एक गर्दीचं, एक मोकळं. ट्रॅक लावा आणि दोन्ही बेस त्यावर वाजवा, जुळवलेल्या आवाजातच. मित्राला दहा फूट लांब उभं करा, पाठ फिरवून. दुकानात रेकॉर्डिंगची सोय असेल तर थेट लाइनमधून दोन्ही रेकॉर्ड करा, फायलींना 'क' आणि 'ख' नावं द्या, आणि घरी जाऊन दुसऱ्या दिवशी ऐका. फोनच्या माइकवर विसंबू नका. त्याला खालचे सूर ऐकूच येत नाहीत. कोणती फाइल कुणाची हे मित्रालाच माहीत असू द्या. मी हा खेळ शिकवणीतल्या मुलांबरोबर अनेकदा खेळलोय. "जॅझ ओळखायला एक सूर पुरे" म्हणणारे नेक पिकअपच्या फाइलवर हमखास चकतात.

पायरी ८: पैसे देण्याआधी

आवाजाचं उत्तर एकीकडे आणि हाताचं उत्तर दुसरीकडे येत असेल, तर पहिल्या बेससाठी हाताचं ऐका. आवाज तारा बदलून, टोन फिरवून, बोटं सरकवून बराच हलवता येतो. नेकची रुंदी हलवता येत नाही. हाताला प्रिसिजनचा नेक बसतोय आणि कानाला जॅझचा ब्रिज हवाय, असं असेल तर प्रिसिजनच्या पिकअपमागे जॅझचा एक पिकअप बसवलेले 'पीजे' बेस मिळतात, तेही वाजवून पाहा. जॅझचा नेक आणि प्रिसिजनचा आवाज हवा असेल तर जॅझवर फ्लॅटवाउंड तारा चढवून टोन उतरवला की निम्मा रस्ता कापला जातो.

यादीतल्या नुसत्या नावावर जाऊ नका. 'सत्तरच्या दशकाचा जॅझ' लिहिलेलं असेल तर ब्रिजकडचा पिकअप साठच्या दशकातल्यापेक्षा सुमारे एक सेंटिमीटर ब्रिजकडे सरकलेला असू शकतो, आणि तो आवाज जास्त कणखर असतो. 'ॲक्टिव्ह' लिहिलं असेल तर आत बॅटरीवर चालणारी सर्किट आहे. साध्याशी त्याची तुलना करताना त्याची बटणं मध्यावर ठेवा आणि बॅटरी ताजी आहे ना ते विचारा.

जुना बेस घेत असाल तर पडद्यांवर तारांनी पाडलेले खड्डे पाहा, खुंट्या फिरवून ढिल्या आहेत का बघा, सगळी बटणं फिरवून खरखर ऐका, केबल जॅकमध्ये हलवा. खरखर स्प्रेनं जाते, जॅक थोडक्यात बदलून मिळतो. नेकचा पीळ मात्र जात नाही. बॉडीकडून नटकडे एक डोळा मिटून पाहा: नेकच्या दोन्ही कडा सारख्या चालल्यात ना, की एक खाली जातेय?

बिलावर हात ठेवण्याआधी एक फुकट सेटअप मागून घ्या, पण तो आज करून घेऊ नका. उन्हाळ्यात घेतलेल्या बेसचा नेक जूनच्या मध्यावर हलणार. पाऊस स्थिरावला की, साधारण जुलैत, व्हिजिटिंग कार्ड घेऊन आठव्या पडद्याची फट पुन्हा तपासा, आणि तेव्हा गिटार दुकानात न्या.